फुसका निघाल्याचा पुरावा

मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी फुसके अकरावी नळी वळत होते. लाकडी दांड्यावर जाड कागद गुंडाळायचा, काठाला खळ लावायची, तळहाताने दोनदा पुढे लोटायचं आणि नळी अलगद ओढून काढायची. एरवी या कामाला त्यांना बावन्न सेकंद लागतात. त्या दिवशी दीड-दीड मिनिट लागत होतं, आणि सातवी नळी तर त्यांनी दांड्यासकट फळीवर वाळत ठेवली होती.

"आज राहू द्या की," बायको म्हणाली. ती समोरच्या टेबलावर कागदाच्या पट्ट्या कापत होती. "साडेअकराला सुनावणी आहे. त्याआधी एकदा म्हणून दाखवा."

"काल म्हटलं की."

"काल काय म्हणालात ते मलाच कळलं नाही, त्या अधिकारी बाईंना काय कळणार? म्हणा पुन्हा."

फुसक्यांनी नळी खाली ठेवली, घसा साफ केला आणि कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीकडे बघत म्हणाले, "त्या दिवशीची वाऱ्याची दिशा लक्षात घेता, अपेक्षित परिणाम पूर्णांशाने साधला गेला नाही."

"वारा नव्हता."

"थोडा होता."

"टेबलावरच्या मेणबत्त्या शेवटपर्यंत जळत होत्या अहो. दोन शब्द आहेत. फुसका निघाला. एवढं म्हटलं की सुटलात."

फुसक्यांनी बारावी नळी घेतली.

फुसके हे त्यांचं आडनाव नाही. आडनाव वीजबिलावर आहे आणि वीजबिलापुरतंच उरलं आहे. वय चोपन्न. धंदा शोभेची दारू बनवण्याचा. घरामागे दोन खोल्यांची शेड आहे. एका खोलीत कागदकाम होतं, दुसरीत दारू भरली जाते, आणि दोन्हींच्या मध्ये तेरा पावलांची मोकळी जागा आहे. दुसऱ्या खोलीत लोखंडाचा खिळासुद्धा चालत नाही. तिथे पितळी हत्यारं, लाकडी मोगरी आणि सुती कपडे. मोबाईल बाहेर एका पिशवीत टांगलेला असतो, त्यामुळे दिवसा त्यांना फोन करणारे सगळे पिशवीशी बोलतात. वात पेटवून माघारी येताना ते कधी पळत नाहीत, चालत येतात. या शांतपणाची किंमत म्हणून डावी भुवई उजवीपेक्षा अर्धं बोट आखूड आहे.

एकवीस वर्षं ते एकाच बाणाच्या मागे आहेत. हा बाण वर जातो, थांबतो, दोन मजले खाली येतो, आणि मग चष्मा विसरलेला माणूस जिन्यातून माघारी फिरतो तसा पुन्हा वर जातो. त्याचं नाव विसरभोळा. आत दोन नळ्या, मध्ये मातीचं बूच, आणि बुचाभोवती कागदाची एक कडी. पहिली नळी विझल्यावर दुसरी नेमकी केव्हा पेटायची, हे त्या कडीवर ठरतं. ती कडी सापडायला एकवीसपैकी एकोणीस वर्षं गेली.

पहिला जाहीर प्रयोग झाला तेव्हा कडी सापडलेली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी मेहुणीचं लग्न होतं. बागेत दोनशे पाहुणे, एका बाजूला बँड. सात वाजून वीस मिनिटांनी फुसक्यांनी खुर्चीवर उभं राहून घोषणा केली, "हा बाण दोनदा वर जातो. पहिल्यांदा खाली आला तरी कुणीही मान खाली घालू नका." मग त्यांनी वात पेटवली आणि चालत परत आले.

बाण वर गेला. थांबला. खाली आला. खाली येता येता दुसरी नळी पेटायची होती, ती पेटली नाही. बाण बँडवाल्यांच्या मोठ्या ढोलाचं कातडं फाडून आत शिरला आणि आतून आवाज आला, "फुस्स."

दोनशे माणसं माना वर करून उभी होती. सांगितलंच होतं तसं. कुणी म्हणतं दोन मिनिटं, कुणी म्हणतं चार. अखेर सासूबाईंनी विचारलं, "झालं का?" उत्तर कुणी दिलं नाही. मग बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे मेहुणा, मान चोळत म्हणाला, "काय फुसके, आता खाली बघायचं का आम्ही?"

तेव्हापासून ते फुसके. किराणावाला फुसके म्हणतो, पोस्टमन फुसके म्हणतो, न्हावी आखूड भुवईकडे बघून जरा मायेने फुसके म्हणतो. फुसक्यांनी हे नाव अकरा वर्षं मान्य केलं नाही. हाक आली की आधी ते इकडेतिकडे बघतात, कुणाला बोलावताहेत म्हणून. त्यांचं म्हणणं एकच, आणि त्यातला शब्दही कधी बदलला नाही. बाण निम्मा यशस्वी झाला होता.

दोन वर्षांपूर्वी कडी सापडली आणि विसरभोळा खरोखरच दोनदा वर जायला लागला. बायकोने त्यांना धरून पेटंट कार्यालयात नेलं. तिथे अर्जाबरोबर नमुना द्यावा लागतो. नियमाप्रमाणे नमुना चालू स्थितीत हवा, आणि दारावरच्या पाटीप्रमाणे पेट घेणारी कुठलीही वस्तू आत न्यायला बंदी. पाच आठवडे फुसके बाण घेऊन दारापर्यंत जात आणि परत येत. शेवटी भुसा भरलेला बाण स्वीकारला गेला आणि त्याला चिठ्ठी लावण्यात आली: "चालू स्थितीत आहे असे समजावे."

अर्ज दाखल झाल्यावर फुसक्यांनी सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सहा विसरभोळे भेट पाठवले. पाच उडवले. सहावा मेहुण्याने जेवणाच्या टेबलावर पावाच्या सुरीने उभा चिरला. त्याचा शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठा कारखाना आहे, छापील खोकी आहेत, गणवेश घातलेला रखवालदार आहे. चार महिन्यांत 'परतफेरी' नावाचा बाण बाजारात आला. फुसक्यांनी एक आणून उघडला. आत दोन नळ्या, कडी, बूच. बुचावर अंगठ्याचा ठसा होता आणि ठशावर पत्र्याने कापल्याची तिरकी खूण. फुसक्यांनी आपला अंगठा शेजारी धरला. मेहुण्याने बुचाचा साचा सहाव्या बाणावरूनच काढला होता. परतफेरीचा प्रत्येक बाण फुसक्यांचा अंगठा घेऊन आकाशात जात होता.

त्यावर कडी म्हणजे पेटंटला हरकतही मेहुण्यानेच घेतली. मुद्दा चलाख होता. जी गोष्ट अर्जाआधीच चारचौघांनी पाहिलेली आहे ती नवी धरत नाहीत, आणि नवी नसेल तर तिच्यावर कुणाचा हक्क नाही, कुणीही बनवावी. मेहुण्याचं म्हणणं असं की हा बाण आपण आणि इतर दोनशे लोकांनी अकरा वर्षांपूर्वीच पाहिला आहे, आणि तो फार सुंदर उडाला होता.

म्हणजे अकरा वर्षं ज्याने बाण फुसका निघाल्याचं गावभर सांगितलं, तो आता लेखी सांगत होता की उडाला. आणि अकरा वर्षं ज्यांनी उडाल्याचं सांगितलं, त्यांना आता फुसका निघाल्याचं सिद्ध करायचं होतं. नाहीतर विसरभोळा हातचा जाणार होता.

"दोन शब्द," बसमधून उतरताना बायको म्हणाली.

"आहेत लक्षात."

पेटंट कार्यालय तीन मजली आहे. तळमजल्यावर खिडक्यांची रांग, त्यातल्या चार नंबरच्या खिडकीवर 'व्यापारी नावांची नोंदणी' अशी पाटी. सुनावणीची खोली दुसऱ्या मजल्यावर. तपासणी अधिकारी बाई पन्नाशीच्या होत्या, त्यांना सर्दी झाली होती आणि त्यांच्यासमोर चार खोडरबर एका रेषेत मांडलेले होते. टेबलाच्या मधोमध भुसा भरलेला विसरभोळा आडवा होता. एका बाजूला फुसके आणि बायको बसले. दुसऱ्या बाजूला मेहुणा, आणि त्याने साक्षीदार म्हणून आणलेल्या सासूबाई. सासूबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

"काय ताई, बरी आहेस ना?" मेहुण्याने विचारलं.

"माझ्याशी बोलू नकोस. आई, तू जेवलीस का?"

"खाऊन आलेय. याने सांगितलं तिकडे काही मिळत नाही म्हणून."

"कौटुंबिक विषय बाहेर," बाई नाक पुसत म्हणाल्या. "हरकतदारांनी निवेदन वाचावं."

मेहुणा उभा राहिला. निवेदन त्याने स्वतः लिहिलं होतं, आणि ते आपल्याला जमलं आहे हे त्याला ठाऊक होतं. "सायंकाळची वेळ होती," त्याने सुरुवात केली. "फुसके यांनी वात पेटवली. फुसके यांचा बाण सरसरत आकाशात गेला. क्षणभर थबकला. मागे वळला. आणि जणू काही सांगायचं राहून गेलं होतं ते सांगायला पुन्हा वर झेपावला. दोनशे जणांच्या तोंडून एकदमच 'अहाहा' असा उद्गार निघाला. बँडवाल्यांनी न सांगता सलामी वाजवली. माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी मला वाटलं, असा माणूस आपल्या घरात आहे हे आपलं भाग्य."

फुसके पुढे झुकून ऐकत होते. या मेहुण्याच्या तोंडून अकरा वर्षांत त्यांनी एक बरा शब्द ऐकला नव्हता. 'भाग्य' या शब्दाशी त्यांची हनुवटी हलायला लागली.

"अर्जदाराचं काय म्हणणं आहे?" बाईंनी विचारलं.

"अगदी असंच झालं," फुसके म्हणाले.

बायकोने डोळे मिटले.

"तुम्हाला हे मान्य आहे?"

"शब्दन् शब्द. फक्त ते क्षणभर जे म्हटलंय ना, ते जरा मोघम आहे. थबकतो तो पावणेदोन सेकंद."

"अहो!" बायको म्हणाली.

"बरोबर ते बरोबर."

"तुम्हाला कळतंय ना, काय बोलताय ते?" बाईंनी पेन्सिल उचलली. "हा बाण तेव्हा दोनदा वर गेला असेल तर आज तो नवा नाही. मी तुमचा अर्ज फेटाळते. उद्यापासून तो हे बनवतील, ते बनवतील, तुम्ही तोंडाकडे बघत बसाल."

फुसक्यांनी टेबलावरच्या विसरभोळ्याकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे. मेहुणा लग्नातल्या फोटोसारखा हसत होता. फुसक्यांना कळत होतं, तरी त्यांनी नुसती बाणावरची चिठ्ठी सरळ केली.

बाई लिहायला लागल्या. पहिल्याच ओळीवर थांबल्या आणि निवेदनाची पानं मागेपुढे केली.

"एक मिनिट. हे फुसके कोण? निवेदनात नऊ वेळा नाव आलंय. पक्षकारांच्या यादीत या नावाचं कुणीच नाही."

"हे काय," मेहुण्याने बोट दाखवलं. "भावजी."

"अर्जावर आडनाव वेगळं आहे."

"ते कागदोपत्री हो. यांना सगळे फुसकेच म्हणतात. लिहिताना हाताला तेच येतं."

"कधीपासून म्हणतात?"

"झाली की अकरा वर्षं," मेहुणा अभिमानाने म्हणाला. "मीच ठेवलंय ते नाव."

"कुठल्या प्रसंगी?"

मेहुण्याने शर्टाची कॉलर सारखी केली.

"लग्नात," मेहुणा म्हणाला.

"कुणाच्या?"

"धाकट्या बहिणीच्या."

"म्हणजे याच लग्नात. लोकांनी अहाहा केलं त्याच."

"हो."

"बाण दोनदा वर गेला, बँडने सलामी दिली, तुम्हाला तुमचं भाग्य वाटलं, आणि तुम्ही त्यांना फुसके म्हणालात."

"प्रेमाने म्हणालो."

बाईंना शिंक आली. बायकोने त्यांच्याकडे रुमाल सरकवला आणि बाईंनी तो नियमात बसतो का याचा विचार न करता घेतला.

"आईला विचारा ना," मेहुणा घाईघाईने म्हणाला. "आई, सांग. गेला होता की नाही बाण पुन्हा वर?"

सासूबाईंनी पर्स एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "मला काय माहीत? मी तेव्हाच विचारलं होतं, झालं का म्हणून. अजून कुणी सांगितलेलं नाही."

"तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं निवेदनात आहे," बाई म्हणाल्या.

"ढोलातून धूर येत होता. बाजूलाच बसले होते मी."

"ढोलातून?"

"बाण ढोलात होता ना. नाहीतर वरून धूर ढोलात कशाला येईल?"

मेहुणा खाली बसला. त्याने निवेदनाची घडी घातली, मग घडीची घडी घातली.

"हे सगळं ठीक," बाई म्हणाल्या, "पण अर्जदाराने आत्ताच 'अगदी असंच झालं' असं सांगितलंय. ते नोंदीत आहे. ते त्यांना स्वतः मागे घ्यावं लागेल. दुसऱ्या कुणी बोलून चालणार नाही." शेवटचं वाक्य बायकोसाठी होतं. ती अर्धी उठली होती.

फुसके उभे राहिले. "त्या दिवशीची वाऱ्याची दिशा," त्यांनी सुरुवात केली. बायको खोकली. फुसके थांबले. समोर भुशाचा बाण पडला होता, त्यावर चिठ्ठी होती: चालू स्थितीत आहे असे समजावे.

"फुसका निघाला," ते पुटपुटले.

"मोठ्याने. नोंद होतेय."

"फुसका निघाला होता!" फुसके एवढ्या जोरात म्हणाले की बाहेरचा शिपाई डोकावला. "वर गेला, खाली आला, ढोलात शिरला आणि फुस्स झाला. पुन्हा वर गेला नाही. लोक चार मिनिटं वर बघत राहिले, आणि मी त्यांना खाली बघा म्हटलं नाही. म्हणणार कसं? मीसुद्धा वरच बघत होतो."

मेहुणा हसला नाही, हे त्याच्या बाजूने नमूद करायला हवं.

"आणि वारा?" बाईंनी विचारलं.

फुसक्यांनी बायकोकडे पाहिलं. "वारा नव्हता."

निर्णय बाईंनी तिथेच सांगितला आणि टंकलिखित प्रत तीन वाजून दहा मिनिटांनी हातात दिली. दोन पानं. विसरभोळा नवा ठरला, पेटंट फुसक्यांना, हरकत फेटाळली. अंगठ्याच्या ठशाचा विषय स्वतंत्र आहे, तो या खोलीचा नाही, असाही एक उल्लेख होता. सातवा परिच्छेद असा: "सदर प्रसंगी बाण फुसका निघाला, ही बाब अर्जदाराचा कबुलीजबाब, वयोवृद्ध साक्षीदाराची साक्ष आणि अर्जदारास लोकांत पडलेले नाव यांवरून निःसंशय सिद्ध होते." प्रतीवर गोल शिक्का होता. असे निर्णय कार्यालयाच्या वाचनालयात कायम ठेवतात आणि कुणालाही मागून वाचता येतात.

"सातवा मी चौकट करून लावणार," बायको जिन्यात म्हणाली.

"पहिला लाव."

"पहिल्यात नुसता पत्ता आहे."

खाली तळमजल्यावर मेहुणा आणि सासूबाई थांबले होते. मेहुणा चार खिडक्यांसमोर येरझाऱ्या घालत होता.

"भावजी, परतफेरीचं आता काय करायचं? खोकी छापून झालीत हो."

"माझ्या परवानगीने बनव," फुसके म्हणाले. "साचा नवा करायचा. माझा अंगठा मला परत हवाय."

"करतो."

"आणि खोक्यावर माझं नाव घालायचं."

"घालतो की. ते वीजबिलावरचं?"

किराणावाला, पोस्टमन, न्हावी एकामागून एक फुसक्यांच्या डोळ्यांपुढून गेले. "त्या नावाने मला कोण ओळखतं?" ते म्हणाले. "फुसके घाल."

मेहुणा हसायला लागला. "फुसके बाण? कोण विकत घेईल?"

"सगळे घेतील," बायको म्हणाली. "उडतो का ते बघायला."

मेहुण्याचं हसू हळूहळू ओसरलं. धंदेवाईक माणूस आहे तो. त्याने डोक्यात खोकं बघितलं, त्यावरची अक्षरं बघितली, दुकानासमोर थांबलेली माणसं बघितली. "थांबा हं," तो म्हणाला. "नाव मी ठेवलंय. आत्ता वर नोंदवलं गेलंय तसं. म्हणजे ते माझं."

"पडलंय मला. माझं."

"ठेवणारा मी!"

"अकरा वर्षं वागवलं कुणी?"

"तुम्ही तर हाक मारली तरी ओ देत नव्हता!"

सासूबाई बाकावर बसल्या होत्या. "झालं का?" त्यांनी विचारलं.

फुसके त्यांच्याकडे वळले. या प्रश्नाला अकरा वर्षं उत्तर थकलं होतं. "झालं, आई," ते म्हणाले. "बाण दोनदा वर जातो. सरकारी कागद आहे."

"आणि हे भांडण?"

त्यावर दोघांनीही चार नंबरच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकी तीनलाच बंद झाली होती. काचेमागे कारकून टेबलावरचा कागद पेपरवेटखाली ठेवून घरी जायची तयारी करत होता. मेहुण्याने काचेवरची पाटी वाचली. फुसक्यांनीही वाचली, खांद्यावरून, दोन पावलं मागे राहून.

"उद्या आम्हाला कारखान्यात मालाची तपासणी आहे," मेहुणा कुणाला उद्देशून नाही असं बोलला. "सकाळी निघता यायचं नाही."

"मलाही नळ्या वळायच्या आहेत," फुसके म्हणाले.

"मग राहू दे सध्या."

"राहू दे."

चौघे फाटकापाशी वेगळे झाले. बसमध्ये फुसक्यांनी बायकोला विचारलं की पहिली बस किती वाजता आहे. ती म्हणाली, पाच पन्नासला, आणि डबा करून ठेवते.

शेडला उद्या कुलूप असेल. कार्यालयाचं फाटक साडेनऊला उघडतं, चार नंबरची खिडकी दहाला, आणि पाटीवर लिहिल्याप्रमाणे एका नावासाठी आधी आलेला एकच अर्ज घेतला जातो.